आकड्यांच्या घरात टेट्रिसचे तुकडे

सुडोकूचा मला कंटाळा आलाय हे स्वतःशी कबूल करायलाच बरेच दिवस गेले. म्हणजे सोडवत होतेच, रोज एक, पण हात आपोआप चालायचा आणि डोकं भलतीकडेच, इथे ७ आला म्हणजे त्या ओळीत ७ नाही, मग दोनच घरं उरली, एकात ३ एकात ८, झालं. अवघड लेव्हल घेतली तरी तेच, वेळ तेवढा जास्त. आणि दुसरीकडे लहानपणापासून तुकडे बसवायच्या कोड्यांचं वेड, ते पाच-पाच चौकोन जोडून केलेले बारा तुकडे असतात ना, एका आयताकृती डब्यात बसवायचे, ते मी एकदा बाहेर काढले की परत डब्यात जायला आठवडा लागायचा. ६ गुणिले १० च्या डब्यात ते बारा तुकडे बसवायच्या २,३३९ वेगवेगळ्या पद्धती आहेत. दोन हजार तीनशे एकोणचाळीस! आणि मला त्यातली एक सापडायची मारामार.

तर ही दोन्ही वेडं एकाच कागदावर आणणारं कोडं जेव्हा पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मला वाटलं चला, आपल्यासाठीच केलंय कुणीतरी. पहिलं सोडवायला अख्खी संध्याकाळ गेली आणि शेवटी उत्तर बघितलं. दुसरंही तसंच. तिसरं सुटलं.

कोडं साधारण असं असतं. एक चौकोनी ग्रिड, समजा ६ गुणिले ६. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत १ ते ६ एकेकदाच यायला हवेत, इथपर्यंत ओळखीचं. पण त्याच ग्रिडमध्ये काही आकार लपलेले असतात, बहुतेक वेळा टेट्रिसमधले चार-चार घरांचे तुकडे, म्हणजे सरळ काठी, चौकोन, एल, टी आणि तो वाकडा झेड. ते कसेही फिरवायचे, उलटवायचे. कुठे लपलेत ते सांगत नाहीत, सांगतात एवढंच की टीच्या चार घरांची बेरीज अमुक, चौकोनाची बेरीज तमुक, आणि कुठलेही दोन तुकडे कडेला कड लावून बसणार नाहीत, कोपऱ्याला कोपरा लागला तर चालेल. सुरुवातीला भरून दिलेले आकडे अगदी दोन-चार. त्यावरून आकडेही काढायचे आणि तुकडेही शोधायचे.

याचे भाऊबंद पुष्कळ आहेत, कुठे तुकड्यांनी अख्खं ग्रिड भरायचं असतं, कुठे तुकड्यात आकडा रिपीट व्हायला नको असतो, कुठे बेरजेऐवजी गुणाकार. सगळ्यांची यादी देत बसत नाही.

मी पहिल्या दोन कोड्यांत काय चूक केली ते सांगते कारण मला वाटतं सगळेच तीच करत असणार. मी ते सुडोकूसारखं सुरू केलं. आधी आकडे भरू, मग बेरजा बघून तुकडे शोधू. आणि आकडे भरताच येईनात! दिलेलेच चार, त्यावरून ओळी बघून बघून किती बघणार. मग उलटं केलं, आधी तुकडे बसवू. तेही जमेना कारण टी बसायला तीसेक जागा होत्या आणि त्यातली कुठलीही तितकीच बरोबर वाटत होती. अर्धा तास कागदाकडे नुसती बघत बसले. पेन्सिलच टेकेना.

किल्ली सापडली ती एका छोट्या प्रश्नात. चौकोनाची बेरीज ६ दिलेली होती. आता चार घरांची बेरीज ६ म्हणजे किती कमी बघा. सरळ काठी असती तर चारही घरं एकाच ओळीत, चारही आकडे वेगळे, म्हणजे कमीत कमी १+२+३+४ = १०. काठी १० च्या खाली जाऊच शकत नाही. एल आणि टी दोघांतही तीन घरं एका रेषेत असतात, ती वेगळी हवीत म्हणजे कमीत कमी ६, वर चौथं घर किमान १, म्हणून ७. आणि चौकोन? त्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांची घरं ना एका आडव्या ओळीत ना एका उभ्या, त्यामुळे तिथे तोच आकडा परत चालतो. वर १ २, खाली २ १. बेरीज ६. झेडचंही तसंच, १ २ १ २ असा नागमोडी जातो. म्हणजे ६ ही बेरीज चौकोनाला किंवा झेडलाच शक्य, आणि ती असली तर आत कोणते आकडे आहेत हे न बघता कळलं, दोन एक आणि दोन दोन, आलटूनपालटून. कुठे आहे ते माहीत नाही पण आत काय आहे ते माहीत आहे!

हे कळल्यावर मी खरंच मोठ्याने हसले. बेरीज बघून आकार कळतो आणि आकार बघून आकडे कळतात.

उलट बाजूनेही आहे हे, म्हणजे नुसत्या आकारांच्या पोटातही आकडे लपलेले असतात. हे जुनं आहे, सॉलोमन गोलोम्ब नावाच्या गणितज्ञाने १९५३ मध्ये, तेव्हा तो हार्वर्डला विद्यार्थी होता, अशा तुकड्यांना पॉलिओमिनो हे नाव दिलं आणि त्यांचा नीट अभ्यास सुरू केला, त्यातली एक गंमत मला फार आवडते. चार घरांचे ते पाच तुकडे, प्रत्येकी एक घेतला तर एकूण २० घरं. मग ४ गुणिले ५ चा आयत त्यांनी भरता येईल? वाटतं येईल, मी लहान असताना दोन दिवस घालवलेत त्यावर. येत नाही. आयताला बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरं रंगवा, १० काळी १० पांढरी. काठी, चौकोन, एल, झेड, कसेही ठेवा, प्रत्येक जण दोन काळी दोन पांढरी घेतो. टी मात्र तीन आणि एक. म्हणजे पाचांचे मिळून ११ आणि ९ होणार, १० आणि १० कधीच नाही. संपला विषय. दोन दिवस मी जे हाताने करत होते ते एका वाक्यात अशक्य ठरलं, आणि तेव्हापासून टी हा माझ्यासाठी संशयित आहे, अशा आकडे-अधिक-तुकडेवाल्या हायब्रिड कोड्यात पण मी आधी टीवर नजर ठेवते.

जाता जाता एक योगायोग. सुडोकू मूळचं अमेरिकेतलं, हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त आर्किटेक्टचं, १९७९ मध्ये तिथल्या एका मासिकात नंबर प्लेस नावाने आलं, पण जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या कंपनीने ते छापायला सुरुवात केली १९८४ मध्ये आणि सुडोकू हे नाव तिथलं. आणि १९८४ मध्येच मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव पेंटोमिनोवरून, म्हणजे त्या पाच-पाच चौकोनांच्या तुकड्यांवरून, डोक्यात आलेला एक गेम तयार करत होता, तो टेट्रिस. आकडेवाले आणि तुकडेवाले दोघांचं वर्ष एकच. एकमेकांना पत्ता नाही. बाकी टेट्रिसमध्ये तुकडे सात असतात आणि मी वर पाच म्हटले कारण तिथे तुकडा फिरवता येतो पण उलटवता येत नाही, त्यामुळे एल आणि झेड यांचे दोन-दोन होतात.

कॉम्प्युटरला विचाराल तर तो म्हणेल ही दोन वेगळी कोडी आहेतच कुठे. सुडोकूत ३२४ अटी असतात, ८१ घरांत प्रत्येकी एक आकडा, मग नऊ ओळी गुणिले नऊ आकडे म्हणून ८१, उभ्या ओळींच्या ८१, ३ गुणिले ३ च्या पेट्यांच्या ८१. 'या घरात हा आकडा' अशा ७२९ शक्यतांतून ८१ अशा निवडायच्या की प्रत्येक अट बरोब्बर एकदाच पुरी होईल. आणि त्या लाकडी डब्यात? ६० घरं आणि १२ तुकडे, ७२ अटी, प्रत्येक बरोब्बर एकदाच पुरी व्हायला हवी. एकच साचा. डोनाल्ड कनुथ या संगणकशास्त्रज्ञाने २००० साली डान्सिंग लिंक्स नावाची जी पद्धत लिहून काढली त्यात उदाहरण म्हणून पेंटोमिनोच घेतले होते, आणि पुढे लोकांनी तीच पद्धत सुडोकूला लावली. मला हे वाचून जरा वाईटच वाटलं होतं, आपलं दोन्हीकडचं प्रेम म्हणजे एकाच गोष्टीवरचं निघालं. पण हायब्रिडमधले बेरजेचे आणि न चिकटण्याचे रूल त्या 'बरोब्बर एकदाच'च्या साच्यात सरळ बसत नाहीत, तेवढंच समाधान.

आता जरा तक्रार. हायब्रिड म्हणून मिळणारी निम्मी कोडी हायब्रिड नसतातच. आधी सुडोकू पूर्ण सुटतं, मग सुटलेल्या सुडोकूवर तुकडे शोधायचे, म्हणजे दोन कोडी एकाखाली एक चिकटवलीत झालं. दुसरा प्रकार म्हणजे रूल्सचा पाऊस, बेरीज पण आहे, बाण पण आहेत, घोड्याच्या चालीचा रूल पण आहे, तुकडे पण आहेत, आणि रूल वाचता वाचताच पान संपतं. एक ना धड भाराभर चिंध्या. मी हल्ली एक टेस्ट लावते, कोडं मधेच थांबवून स्वतःला विचारते की शेवटचे पाच आकडे मी कशावरून भरले. पाचही ओळी बघून आले असतील तर तुकडे शोभेला आहेत.

एवढं बोलून दाखवल्यावर माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, मग तूच बनव ना एक." सहज म्हणाला, पण मला लागलं ते.

म्हटलं छोटं करू, ४ गुणिले ४, १ ते ४ आकडे. त्यात दोन चौकोन लपवू, एकाची बेरीज ६, दुसऱ्याची १४. ६ म्हणजे १ आणि २ चा चौकोन, १४ म्हणजे ३ आणि ४ चा, एक सगळ्यात हलका एक सगळ्यात जड, किती सुंदर दिसेल. आणि दोघं एकमेकांना चिकटायचे नाहीत. बसले. रात्री साडेअकरापर्यंत बसले. ग्रिड काढायची, भरायची, खोडायची. कधी १४ वाला बसेना, कधी बसला तर सहावाल्याला चिकटून. शेवटी पेन्सिल ठेवून दिली आणि मग झोपताना कळलं.

दोन चौकोन ४ गुणिले ४ मध्ये न चिकटता बसायचे तर एकच मार्ग, समोरासमोरच्या कोपऱ्यात. समजा ६ वाला वर डावीकडे, १४ वाला खाली उजवीकडे. आता पहिल्या ओळीतलं तिसरं घर बघा. पहिल्या ओळीचे १ आणि २ सहावाल्या चौकोनात गेले, म्हणून इथे ३ किंवा ४ हवा. पण तिसऱ्या उभ्या ओळीचे ३ आणि ४ चौदावाल्या चौकोनात गेले, म्हणून इथे १ किंवा २ हवा. त्या एका घरात काहीच बसत नाही. म्हणजे हे दोन चौकोन जर एकत्र असतील तर ते चिकटूनच असणार, वेगळे राहूच शकत नाहीत. मी तीन तास अशक्य गोष्ट शोधत होते आणि परत एकदा कारण एका घरात सापडलं, टीच्या वेळेसारखंच. राग यायला हवा होता पण झोपच उडाली उलट.

दुसऱ्या दिवशी जडवाला चौकोन काढून टाकला आणि त्याच्या जागी टी आणला. (संशयित!) ६ चा चौकोन, आणि टी, बेरीज ९. न चिकटायचा रूल तसाच. आणि आकडा एकच दिला, पहिल्या ओळीतल्या पहिल्या घरात १. मला वाटलं झालं, एका आकड्याचं कोडं, काय स्टाइल आहे! भावाला फोटो पाठवला. वीस मिनिटांनी मेसेज, "चार उत्तरं आहेत गं." चार! मी म्हटलं दाखव. दाखवली. आणि त्यातली दोन अशी की सोळाच्या सोळा आकडे तेच, पण टी एकात उभा एकात आडवा, दोन्हीकडे बेरीज ९. हे मला सुचलंच नव्हतं की आकडे पूर्ण बरोबर असूनही कोडं दोन प्रकारे सुटू शकतं. नुसत्या सुडोकूत असं होऊच शकत नाही ना, तिथे आकडे हेच उत्तर.

मग अजून एक आकडा टाकला. आता नीट आहे, एकच उत्तर निघतं, तेच इथे देते.

४ गुणिले ४ ची ग्रिड. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत १ ते ४ एकेकदा (सुडोकूसारख्या पेट्या नाहीत, फक्त ओळी). पहिल्या ओळीतलं पहिलं घर १, पहिल्या ओळीतलं तिसरं घर ३. कुठेतरी एक २ गुणिले २ चा चौकोन, बेरीज ६. कुठेतरी एक टी, बेरीज ९. दोघं कडेला कड लावून नाहीत. बस.

तुकडे नसते तर अशी ४ गुणिले ४ ची ग्रिड भरायचे एकूण ५७६ प्रकार आहेत, आणि नुसत्या आकड्यांवर एकच उत्तर आणायचं तर कमीत कमी चार आकडे भरून द्यावे लागतात. इथे दोनात भागलं, बाकीचं काम तुकड्यांनी केलं. मला याचा फार अभिमान आहे, हसू नका.

ज्यांना स्वतः सोडवायचंय त्यांनी इथे थांबा, कागद घ्या, आणि नंतर परत या.

हं. तर आधी आकडे विसरा, जागा बघा. चौकोन एका कडेच्या मधे किंवा अगदी मध्यभागी ठेवला तर टीला जागाच उरत नाही, करून बघा. म्हणजे चौकोन कोपऱ्यात. कोणत्या? चौकोनात १ आणि २ च आहेत. तो वर उजवीकडे असता तर पहिल्या ओळीचा १ तिकडे गेला असता, पण १ तर डाव्या कोपऱ्यात दिलाय. खाली डावीकडे असता तर पहिल्या उभ्या ओळीचा १ तिकडे. तोही नाही. राहिले वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. खाली उजवीकडे घेतला तर टी वर डाव्या कोपऱ्यात येतो, आणि तिथे बेरीज ९ करायला कोपऱ्यात २ लागतो (का ते पुढे कळेल, तोच हिशोब उलटा). पण कोपऱ्यात १ आहे. म्हणून चौकोन वर डावीकडे, पहिल्या ओळीत १ २, दुसरीत २ १.

आता टी. त्याला दोनच जागा आहेत, दोन्हींत तिसऱ्या ओळीतलं तिसरं घर आहे. एक, शेवटच्या उभ्या ओळीत खालची तीन घरं आणि ते घर. दोन, शेवटच्या आडव्या ओळीत उजवीकडची तीन घरं आणि ते घर. खाली उजव्या कोपऱ्यातल्या चार घरांत कोण आहे? वरच्या दोन ओळींच्या उजव्या बाजूला ३ आणि ४ आहेत, कारण १ आणि २ चौकोनात संपले, म्हणून त्यांच्या खाली १ आणि २ च उरतात. टीची तीन घरं या चारातली, चौथं बाहेरचं, ३ किंवा ४ वालं. त्या तिघांतली शेजारशेजारची दोन मिळून १+२ म्हणजे ३. उरले ६, आणि ६ व्हायला बाहेरचं घर ४ आणि तिसऱ्या ओळीतलं तिसरं घर २ हाच एक पर्याय, १ घेतला तर बाहेर ५ लागेल. मग कोपऱ्यातही २ येतो, वर म्हटलं ते हेच.

टी उभा असेल तर बाहेरचं घर म्हणजे दुसऱ्या ओळीतलं शेवटचं, तिथे ४, मग त्याच्या वर ३, मग पहिल्या ओळीत तिसऱ्या घरात ४. पण तिथे ३ दिलाय. म्हणून टी आडवा. शेवटच्या ओळीत दुसरं घर ४, पुढे १ २. बाकी सगळं घरंगळत येतं:

१ २ ३ ४
२ १ ४ ३
४ ३ २ १
३ ४ १ २

तो ३ काय करतो बघा, टी ज्या दोन जागी बसू शकतो त्यांच्यापैकी एकातही तो नाही, चौकोनातही नाही. बाहेर बसून टीला आडवा पाडतो. मुद्दाम तिथे ठेवला असं सांगायला मला आवडेल पण खरं म्हणजे तीन-चार घरांत टाकून बघितला आणि तिथे चालला.

भावाने हे पाच मिनिटांत सोडवलं आणि म्हणाला, "बरंय, पण छोटंय." म्हणून आता ६ गुणिले ६ वर बसलेय, चार तुकडे, टीची बेरीज २१. २१ ही टीची सगळ्यात मोठी बेरीज, रेषेत ४ ५ ६ आणि दांड्यात परत ६, म्हणजे रेषेतला ६ मधल्या घरात कधीच येऊ शकत नाही कारण दांडा त्याच्याच खाली आहे. एवढ्या एका गोष्टीवर अख्खं कोडं उभं करायचा विचार आहे. काल रात्री त्याची दोन उत्तरं निघाली, आज सकाळी एक आकडा बदलला तर एकही निघेना. भावाला अजून दाखवलं नाहीये.